बटण कोणी दाबलं?

सकाळी पावणेसातला फोन आला तेव्हा मी सालवडच्या घरी चहा गाळत होते. गेटवरचे सिक्युरिटी काका बोलत होते. "ताई, तुमचं बटन मेलंय. मी दाबतोय, दाबतोय, काय होतच नाय."

मागे पाऊस आणि माणसांचे आवाज. मी नेहमीचे उपाय सांगितले. पान पुन्हा लोड करा. केलं. दुसरा ब्राउझर उघडा. तो नाहीये. लॅपटॉप बंद करून चालू करा. त्यात दहा मिनिटं गेली. शेवटी "आलेच" म्हणून फोन ठेवला आणि स्कूटर काढली.

ही दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातली गोष्ट. तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कॉन्ट्रॅक्टवर येणाऱ्या कामगारांसाठी मी एक छोटं वेबपान बनवलं होतं. आत कुठली रसायनं आहेत, सायरन वाजला तर कुठे पळायचं, हातमोजे आणि चष्मा कुठे मिळतो, हे मराठीत किंवा हिंदीत वाचायचं, चार चित्रं बघायची आणि खालचं 'वाचलं, समजलं' हे बटण दाबायचं. दाबलं की त्या दिवसाचा गेटपास नंबर येतो. ज्यांच्याकडे स्मार्टफोन आहे त्यांनी रांगेतच हे उरकायचं. ज्यांच्याकडे नाही, किंवा साधा बटणांचा फोन आहे, त्यांच्यासाठी सिक्युरिटी केबिनमध्ये एक लॅपटॉप ठेवलेला. नवा नव्हे. ऑफिसातल्या कुठल्याशा साहेबांनी नवा घेतल्यावर खाली आलेला.

फर्स्ट शिफ्ट सातची. साडेसातनंतर कॉन्ट्रॅक्टरच्या माणसाला आत घेत नाहीत, दिवसाचा खाडा होतो. मी पोचले तेव्हा सात चाळीस झाले होते. अकरा जण परत गेले होते.

"बघू काका," म्हणत मी वाकले आणि फोनच्या सवयीने सरळ स्क्रीनवरच्या बटणावर बोट ठेवलं. गेटपास नंबर आला.

काका दचकले. नंबर आला म्हणून नाही. "ओ ताई, स्क्रीनला हात नका लावू! साहेबांनी सांगितलंय. डाग पडतात."

तो लॅपटॉप टचस्क्रीनचा होता. तीन महिने त्या केबिनमध्ये होता आणि ते कोणालाही माहीत नव्हतं, कारण त्या काचेला हात लावायची कोणाला परवानगीच नव्हती.

*

लॅपटॉप खोटं बोलला नव्हता, हे आधी सांगून टाकते. आदल्या संध्याकाळी मी पानाची नवी आवृत्ती चढवली होती. तिच्यात जुन्या एका कामातून उचललेल्या काही ओळी होत्या. त्यांचा मराठीत अर्थ असा: या ब्राउझरला स्पर्श कळतो का? कळत असेल तर बोटाची वाट बघ, नाहीतर माऊसच्या क्लिकची. 'विंडो' या वस्तूत 'ऑनटचस्टार्ट' नावाचं काही सापडतं का, एवढंच बघायचं. माझ्या फोनने हो म्हटलं, पान चाललं. घरच्या साध्या लॅपटॉपने नाही म्हटलं, पान चाललं. केबिनमधल्या लॅपटॉपने हो म्हटलं, आणि माझं पान बोटाची वाट बघत बसलं. काका तिकडे माऊस दाबून दाबून थकले.

सगळा घोळ 'नाहीतर' या शब्दात आहे. एक असेल तर दुसरं नसणार, हे मला कोणी सांगितलं होतं?

त्या ओळी आल्या कुठून, तेही सांगण्यासारखं आहे. २००७ मध्ये आयफोन आला तेव्हा जवळजवळ सगळ्या वेबसाइट मोठ्या स्क्रीनसाठी बनवलेल्या होत्या. फोनवर अक्षरं मुंगीएवढी दिसायची. म्हणून दोनदा टिचकी मारली की मजकूर मोठा होण्याची सोय केली गेली. पण मग पहिली टिचकी पडली की ब्राउझरला थांबावं लागायचं, दुसरी येते का ते बघायला. सुमारे ३०० मिलिसेकंद. लिंक दाबल्यावर पान अडखळल्यासारखं वाटायचं ते यामुळे. आमच्या जमातीला एवढा धीर कुठला? आम्ही क्लिकची वाट बघणं सोडून दिलं आणि बोट टेकल्याक्षणी काम उरकणाऱ्या ओळी लिहिल्या. २०१४ मध्ये क्रोमने फोनच्या रुंदीत बसणाऱ्या पानांसाठी हे थांबणं काढून टाकलं, पुढे सफारीनेही. म्हणजे माझ्या त्या ओळींचं कारण कधीच संपलं होतं. कारण गेलं, सोवळं तेवढं उरलं. मीही ते न विचारता पाळत होते.

*

समोरचा कोण आहे हे ओळखायचे वेबवर दोन जुने रस्ते आहेत.

पहिला, नाव विचारायचं. ब्राउझर कुठलंही पान मागताना आपलं नाव-गाव सांगणारी एक ओळ पाठवतो. नव्वदच्या दशकात नेटस्केपचा ब्राउझर आपलं नाव 'मोझिला' सांगायचा. काही वेबसाइट मोझिला दिसला की चांगलं पान द्यायच्या, बाकीच्यांना साधं. मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर आला, त्यालाही ते चांगलं पान दाखवता येत होतं, पण त्याला विचारतंय कोण? मग त्यानेही आपलं नाव मोझिलापासून सुरू केलं. पुढे प्रत्येकाने हेच केलं. तुमच्या फोनमधला क्रोम आजही स्वतःला आधी मोझिला म्हणवतो आणि त्याच ओळीत सफारीही म्हणवतो. एकाच माणसाची इतकी आडनावं, आणि प्रत्येक आडनाव कुठल्यातरी दारातून आत जाण्यासाठी लावलेलं.

आम्ही बोईसरमध्ये पहिली भाड्याची खोली शोधत होतो तेव्हाचं मला आठवतं. भाडं किती हे आम्हाला कळायच्या आधी घरमालकांना आडनाव कळायला हवं होतं. त्यांना खरं जाणून घ्यायचं होतं ते वेगळंच: भाडं वेळेवर येईल का, किती माणसं राहतील, मासे शिजतील का. ते विचारता आलं असतं. पण आडनाव विचारलं की सगळी उत्तरं एकदम मिळाल्यासारखी वाटतात. आडनावाच्या जागी वडिलांचं नाव लावणारी कितीतरी माणसं महाराष्ट्रात आहेत. काहींसाठी ते तत्त्व आहे, काहींसाठी निव्वळ खोली मिळवण्याची सोय. २०१९ पासून आयपॅडचा सफारी आपण मॅक कॉम्प्युटर आहोत असं सांगतो, म्हणजे त्याला फोनची काटछाट केलेली पानं मिळू नयेत. मला या खोटेपणाचा कधी राग आला नाही.

दुसरा रस्ता मला माझ्या पहिल्या नोकरीतल्या सीनियरने शिकवला. नाव विचारू नकोस, काम विचार. तू कोण आहेस असं नाही, तुला हे येतं का असं. २००९ मध्ये आलेली 'मॉडर्नायझर' नावाची लायब्ररी याच विचारावर उभी होती. मला तर तो विचार तंत्रापेक्षा मोठा वाटला होता. तेवीसचं वय होतं. मी तो मित्रमैत्रिणींना नीतीच्या सूत्रासारखा सांगत फिरायचे: माणसाला त्याच्या नावावरून नाही, त्याला काय येतं त्यावरून ओळखा.

गेटवरच्या त्या सकाळी मी नाव विचारलं नव्हतं. लॅपटॉप कुठल्या कंपनीचा, ब्राउझर कुठला, काही नाही. सूत्राप्रमाणे वागले होते. तरी अकरा जण परत गेले.

*

मॉडर्नायझरच्याच कामात असलेल्या स्टू कॉक्सने २०१३ मध्ये एक लेख लिहिला होता. त्याचं म्हणणं लेखाच्या नावातच होतं: टचस्क्रीन ओळखता येत नाही. आपण ब्राउझरला विचारतो ते 'तुला स्पर्शाच्या घटना कळतात का', आणि ऐकतो ते 'याला टचस्क्रीन आहे'. विंडोज फोन ७ ला झकास टचस्क्रीन होता, पण त्याच्या ब्राउझरला त्या विशिष्ट घटना कळत नव्हत्या, म्हणून तो 'नाही' म्हणायचा. उलट साध्या स्क्रीनच्या कॉम्प्युटरवरही काही ब्राउझर 'हो' म्हणायचे, कारण त्यांना त्या घटना माहीत होत्या, घडण्याची शक्यता शून्य असली तरी. मॉडर्नायझरने पुढे आपल्या चाचणीचं नावच बदललं. 'टच'च्या जागी 'टचइव्हेंट्स'. आपण नक्की काय विचारतो आहोत तेवढंच नावात ठेवलं. हा प्रामाणिकपणा मला आवडतो.

पण त्या केबिनमध्ये गोष्ट याच्याही पुढे गेली होती. ब्राउझरला स्पर्श कळत होता. स्क्रीनलाही कळत होता. दोन्ही उत्तरं शंभर टक्के खरी होती. फक्त हाताला परवानगी नव्हती, आणि हे कुठल्या ब्राउझरला विचारायचं?

इथे मला महाड आठवल्याशिवाय राहत नाही. ही तुलना करताना संकोच वाटतो. एका बिघडलेल्या बटणाशेजारी तो इतिहास ठेवणं बरं दिसत नाही. तरी तिथल्या घटनांचा क्रम बघा. १९२३ मध्ये रावबहादूर सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले झाले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. त्या दिवसानंतर कोणी विचारलं असतं, 'या तळ्याला अस्पृश्यांचा हात चालतो का', तर कागदाने खरंखुरं उत्तर दिलं असतं: हो. आणि २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि त्यांच्यासोबतचे हजारो लोक त्या पाण्याला हात लावेपर्यंत ते 'हो' कागदावरच होतं. हात लावल्यावर मारहाण झाली आणि नंतर तळ्याचं 'शुद्धीकरण'. पाण्याला हात लागू शकतो, हात लावायला मनाई नाही, आणि हात लागला, या तीन गोष्टी किती वेगळ्या आहेत हे मला शाळेत त्या धड्यात कळलं नव्हतं. केबिनमधल्या काचेसमोर थोडं कळलं.

*

हाताबद्दलही बोलायला हवं. आमच्या धंद्यात 'स्पर्श' म्हटलं की एक बोट गृहीत धरलेलं असतं. मऊ, कोरडं, स्वच्छ.

बाबा तीस वर्षं इथल्याच एका रंग-रसायनांच्या कारखान्यात होते. त्यांच्या बोटांची टोकं गुळगुळीत आणि टणक झाली आहेत. आजच्या फोनची काच दाब ओळखत नाही. तिच्यावर एक अगदी हलकं विद्युतक्षेत्र पसरलेलं असतं, आणि बोट जवळ आलं की ते बिघडतं, कारण आपलं शरीर वीज वाहून नेतं. त्या बिघाडाच्या जागेला फोन 'स्पर्श' म्हणतो. जाड रबरी हातमोजा मध्ये आला की क्षेत्र बिघडतच नाही. काचेवर पाण्याचे थेंब असले की नको तिथे बिघडतं. कातडी फार जाड आणि कोरडी असली की बिघाड कमी होतो. बाबा स्क्रीनवर बोट ठेवतात, थांबतात, पुन्हा ठेवतात, मग बोट वाकवून मधलं पेर टेकवतात. चारचौघांत असले की फोन माझ्याकडे सरकवतात. "तूच दाब गं."

त्यांचा सगळ्यात आवडता फोन नोकिया ५२३३ होता. तोही टचस्क्रीनचाच, पण जुन्या पद्धतीचा, दाबाने चालणारा. नखाने दाबा, पेनाच्या टोपणाने दाबा, हातमोजा घालून दाबा. दाबलं की कळायचं. नंतरचे फोन सगळ्याच बाबतीत चांगले आले, आणि बाबांचा हात मात्र कच्चा ठरला. रेशनच्या दुकानातल्या मशीनवर तर त्यांना एकेक बोट फिरवून बघावं लागतं. बोट समोर आहे, मशीनवर टेकलेलं आहे, सगळे बघतायत, आणि मशीन म्हणतंय जुळत नाही. दुकानदार ओळखीचे आहेत, ते दुसरी सोय करतात. बाबा त्यावर काही बोलत नाहीत. घरी आल्यावर मात्र बराच वेळ हात धूत बसतात.

*

पुण्याला मोठ्या कंपनीत काम करणाऱ्या एका मित्राला मी हे सगळं सांगितलं. त्याचे दोन आक्षेप होते, आणि दोन्ही टाकाऊ नव्हते.

पहिला: अंदाज बांधल्याशिवाय काहीच बनत नाही. शंभरातल्या अठ्ठ्याण्णव लोकांना नीट चाललं तर ते उत्तम काम आहे, उरलेल्या दोघांसाठी पुढच्या आवृत्तीत बघू. त्याच्या जागी बसलं की हे बरोबर वाटतं. पण गेटवर उभं राहिलं की दिसतं, ते दोघे दरवेळी बदलत नाहीत. ज्यांच्याकडे फोन नाही तेच लॅपटॉपकडे पाठवले जातात, त्यांचीच बोटं रेशनच्या मशीनला कळत नाहीत, त्यांचाच खाडा होतो. चूक सगळ्यांवर पावसासारखी सारखी पडत असती तर दोन टक्के खरंच कमी होते. ती एकाच घराच्या छपरातून गळत असेल तर त्या घरासाठी शंभर टक्के आहे.

दुसरा आक्षेप मला जास्त टोचला. "काचेला हात लावायचा नाही हा नियम साहेबांचा. त्याचं पाप तू कशाला डोक्यावर घेतेस? तुला कळणार कसं होतं?"

कळणार नव्हतंच. बरेच दिवस मी याच उत्तरावर समाधान मानलं. मग लक्षात आलं की मला ते कळण्याची गरजच नव्हती. मी 'क्लिक' ही जुनी, साधी घटना तशीच राहू दिली असती तर माऊसने दाबलं असतं तरी चाललं असतं, बोटाने तरी, आणि कीबोर्डवरच्या एंटरनेही. क्लिक हे नाव माऊसचं, पण ते कोणाचाही हात घेतं. मी समोरच्याला ओळखण्याच्या नादात एक चालू दार बंद केलं आणि दुसरं उघडलं. दुरुस्ती म्हणजे त्या सात ओळी पुसणं. पुसायला एक मिनिट लागलं.

आधी ओळखून मग वागायचं, हा क्रमच उलटा करता येतो. मायक्रोसॉफ्टने २०१२ च्या इंटरनेट एक्सप्लोरर १० मध्ये 'पॉइंटर इव्हेंट्स' आणले, २०१५ मध्ये ते डब्ल्यूथ्रीसीचं प्रमाण झाले आणि २०१९ मध्ये सफारीनेही घेतले. त्यात पान उघडताना काही विचारायचं नसतं. कोणीतरी काहीतरी दाबतं, आणि ती घटना स्वतःच सांगत येते की मी बोट आहे, पेन आहे की माऊस आहे. पहिल्यांदा माऊस आला म्हणून दुसऱ्यांदा बोट येणार नाही, असं काही ठरत नाही. माणसांच्या बाबतीत इतकं थांबणं मला तरी जमत नाही. मी नाव ऐकते आणि मनात खण उघडतात.

अर्थात पूर्ण थांबता येत नाहीच. हात यायच्या आधी पान रंगवावं लागतं, बटण काहीतरी आकाराचं करावं लागतं. ब्राउझरला 'तुझं मुख्य साधन जाडं आहे की बारीक' असं विचारता येतं, पण केबिनमधला तो लॅपटॉप काय सांगेल? त्यामुळे कुठे चुकायचं हे निवडावं लागतं. बटण मोठं ठेवलं आणि समोर माऊस निघाला, तर पान थोडं ओबडधोबड दिसतं. माझी आतेबहीण त्याला बालवाडीचं पान म्हणते. बटण बारीक ठेवलं, किंवा माहिती माऊस वर नेल्यावरच दिसेल अशी लपवली, आणि समोर बाबांचं पेर आलं, तर त्यांना काम करताच येत नाही. एकाचं नुकसान डोळ्यांना खुपण्याएवढं, दुसऱ्याचं दिवसाच्या मजुरीएवढं. ॲपल ४४ पॉइंट म्हणतं, ॲक्सेसिबिलिटीची २०२३ ची मार्गदर्शक तत्त्वं किमान २४ पिक्सेल म्हणतात. मी आता ६० ठेवते.

*

इथपर्यंत मी स्वतःवर बऱ्यापैकी खूश होते. मग नोंदी तपासल्या.

पान सुरू झाल्यापासूनच्या तीन महिन्यांत केबिनच्या लॅपटॉपवरून रोज दहा-बारा जणांनी 'वाचलं, समजलं' दाबलेलं दिसत होतं. एका पाठोपाठ एक. दोन दाबण्यांमध्ये चार-पाच सेकंद. चार चित्रं आणि दोन परिच्छेद पाच सेकंदांत.

मी काकांना विचारलं. त्यांनी काही लपवलं नाही. लपवण्यासारखं आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं. लोक खिडकीबाहेर उभे राहायचे, नाव सांगायचे, काका आत माऊस दाबायचे. काचेला हात लावायचा नाही, माऊस त्यातल्या बहुतेकांनी कधी धरलेला नाही, आणि मागे रांग. "मी पटापटा दाबून देतो ना ताई, कोणाचा खाडा होऊ देत नाही." त्यांच्या परीने ते माणसं वाचवत होते.

तारापूर एमआयडीसीत राहणाऱ्याला स्फोट म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. मार्च २०१८ मध्ये झाला, जानेवारी २०२० मध्ये झाला, दोन्ही वेळा कामगार मेले. काही घडलं असतं तर माझ्या नोंदी पुढे आल्या असत्या. अमुक तारखेला, अमुक वाजता, या माणसाने सायरन वाजल्यावर कुठे पळायचं ते वाचलं आणि त्याला समजलं. त्याच्या नावासमोर, त्याच्या 'हाताने'. मी इतकं बारकाईने तपासत होते की यंत्राला स्पर्श कळतो का, आणि स्पर्श कोणाचा, हा प्रश्न माझ्या पानात कुठेच नव्हता. बिघडलेल्या बटणाने एका दिवसाची मजुरी नेली. चालणाऱ्या बटणाने तीन महिने जे नेलं त्याची किंमत मला करता येत नाही.

मी कॉन्ट्रॅक्टरला सांगितलं की त्या अकरा जणांचा खाडा माझ्या बिलातून कापा आणि त्यांना द्या. "ॲडजस्ट करू मॅडम," ते म्हणाले, आणि बिलातून पैसे खरंच कापले गेले. मग मी ऑफिसात साहेबांना भेटले. काचेला हात लावू द्या, मी स्क्रीनवर संरक्षक फिल्म लावून देते, फडकं ठेवते. "माऊस आहे ना?" ते म्हणाले. तिसऱ्या खेपेला कंटाळून हो म्हणाले.

लॅपटॉप खिडकीकडे तोंड करून ठेवला त्या सकाळी मी मुद्दाम साडेसहालाच गेले. पहिली एक मावशी होती, पालघरकडच्या पाड्यावरून पहिल्या गाडीने येणारी. हात ओले. तिने पदराला पुसले, काचेकडे बघितलं, काकांकडे बघितलं. काका म्हणाले, "दाब, दाब, आता चालतं." तिने अंगठ्याच्या कडेने बटण दाबलं. नंबर आला.

"तू ती बटनवाली ना गं, बाय?"

मी हो म्हटलं, आणि विचारलं की त्या दिवसाचे पैसे मिळाले का. "कसले पैसे?" ती म्हणाली. मी काहीतरी पुटपुटले. ती पुढे सरकली नाही. स्क्रीनवरच्या चित्राकडे बोट करून म्हणाली, "आता ह्याच्यात काय लिवलंय ते वाचून तरी दाखव."

मी वाचून दाखवलं. सायरन वाजला की आधी निशाणाकडे बघायचं, वारा कुठून येतोय ते बघायचं, आणि वायू जिकडे वाहत जाईल तिकडे पळायचं नाही. तिने वर बघितलं. निशाण पावसाने खांबाला चिकटलं होतं.

"आणि हे असं असलं तर?"

मागून कोणीतरी ओरडलं, "चला, चला, सात वाजत आले."